पेशीतलं तूप

लोणी कढायला ठेवलं होतं आणि त्याला फेस आला होता. भंवरीबाई झाऱ्यानं तो फेस कडेला सारत होती, तेवढ्यात पाठीमागून खुशबू म्हणाली, "बाई, बघ, अगदी अशाच दिसतात त्या."

त्यांच्या घरात आईला बाई म्हणायची रीत होती. खुशबू पुण्याला एका प्रयोगशाळेत क्षयाच्या जंतूंवर काम करायची आणि रविवारची नारायणगावला यायची. आली की आधी स्वयंपाकघर.

"कोण गं?"

"पेशी. फुप्फुसातल्या. टीबीचा जंतू आत शिरला की त्याला गिळायला धावतात ना, त्या. गिळतात, पण पचवता येत नाही त्यांना. मग हळूहळू चरबीनं भरत जातात. थेंबाला थेंब लागून नुसता फेस. आणि तो जंतू आत बसून तीच चरबी खातो. आयती."

"चरबी म्हणजे?"

"चरबी म्हणजे चरबी, बाई. तेल-तूपच म्हण ना." खुशबूनं डब्यातली शेव तोंडात टाकली, आणि बाहेर तिचा मोबाइल वाजला म्हणून ती खात खातच निघून गेली.

झारा हवेत तसाच राहिला. तेल-तूपच म्हण ना. उजव्या छातीत वरच्या अंगाला, जिथं डॉक्टरांनी फोटोत कापसाच्या पेळूसारखा पांढरा डाग दाखवला होता, तिथं काहीतरी जागचं हललं असं भंवरीबाईला वाटलं. हललं काहीच नव्हतं. डाग आता विरत चालला होता, खोकला केव्हाच गेला होता, आणि मागल्या खेपेला वजनाच्या काट्यावर उभी राहिली तेव्हा डॉक्टर हसून म्हणाले होते, बघा, तूप लागू पडतंय. तूप लागू पडतंय! आषाढापासून हे घर तिला तूप चारत होतं. पोळीवर तूप, खिचडीत तूप, दुधात तूप. नवऱ्याचं, मदनलालचं, बाजारपेठेत तेला-तुपाचंच दुकान. सकाळी दुकानात जाताना तो रोज विचारायचा, खाल्लंस का, आणि संध्याकाळी परत आल्यावर पुन्हा तेच. आणि हे सगळं जात होतं कुठं, तर त्या फेसात. आत बसलेल्या त्या पाहुण्याच्या पंगतीला. तिला शिसारी यायला हवी होती. आली नाही. जे आलं ते इतकं अनपेक्षित होतं की तिनं गॅस बारीक केला आणि ओट्याला टेकून ते नीट पाहिलं. तो आनंद होता. पातेल्याच्या तळाशी बेरी करपू लागल्याचा वास आला तेव्हा कुठं ती भानावर आली.

कारण चार दिवसांवर ओळी आली होती. चैत्रात आणि आश्विनात नऊ नऊ दिवस आयंबिल करायचं, ही ती ओळी. दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं. तूप नाही, तेल नाही, दूध-दही नाही, गूळ-साखर नाही, हळद-तिखटसुद्धा नाही. उकडलेलं धान्य, मीठ, मिरी, आणि उकळून गार केलेलं पाणी. मंचरहून लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षापासून तिनं ओळी चुकवली नव्हती; खुशबूच्या वेळच्या बाळंतपणातली तेवढी सोडली तर. आणि मंचरला तरी काय, आईच्या मांडीला मांडी लावून तिनं फ्रॉकच्या वयात पहिलं आयंबिल केलं होतं. आईनं तिला तेव्हा समजावलं होतं, की या सगळ्या वस्तूंना विगय म्हणतात, खाल्ल्या की मनात विकार येतात. विकार म्हणजे काय ते त्या वयात कळलं नव्हतं. तिला वाटलं होतं पोटात दुखतं. आता पन्नाशीच्या पुढं, पातेल्यातल्या तुपाकडे बघताना, तिला वाटलं की त्या वयातलं उत्तरच बरोबर होतं. विकार खरोखरच शरीरातला असतो. काचेखाली दिसतो. तो तुपावर पोसतो. आपल्या आचार्यांना सूक्ष्मदर्शकाशिवाय हे कसं दिसलं असेल?

यंदा ओळी करायची नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खुशबूनं सांगितलं होतं, आणि मदनलालनं तर हात जोडले होते. "तुझी ओळी माझ्या नावावर लाव," तो म्हणाला होता, "पाप लागलं तर मला लागू दे. पण तू खा." ती हो म्हणाली होती. ती नेहमीच हो म्हणायची. भंवरीबाईचा आवाज कधी कुणी चढलेला ऐकला नव्हता. सूर्य उगवून दोन घटका झाल्याशिवाय ती तोंडात पाणी घालायची नाही, सूर्य मावळला की पुन्हा पाणी नाही, आणि मधल्या दिवसात एक सामायिक, म्हणजे आसनावर दोन घटका निवांत बसणं. या बारीक बारीक नेमांनी तिचा दिवस विणलेला होता आणि त्या विणीत ती सुखी होती. हे खोटं नव्हे. लोकांना वाटतं नेम म्हणजे जाच. तिला नेम म्हणजे घराच्या भिंती वाटायच्या, ज्यांना टेकून बसता येतं. पण ओळी करणार नाही असं म्हटल्यापासून एक भिंत पडल्यासारखं झालं होतं आणि तिकडून वारा येत होता. आता खुशबू येऊन ती भिंत पुन्हा उभी करून गेली होती, हातात शेव घेऊन, जाता जाता.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. विचारलंही नाही. विचारलं असतं तर खुशबूनं समजावून सांगितलं असतं, हे तिला माहीत होतं, आणि नेमकं म्हणूनच विचारलं नाही. हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं का? आलं असावं. माणसाला एखादी गोष्ट हवी असते तेव्हा तो तिच्यामागं फार खोल जात नाही. वरची साय घेतो आणि पातेलं झाकून ठेवतो. तिनं एवढंच म्हटलं, की ओळीच्या दिवसांत मी आयंबिलशाळेत वाढायला जाईन. स्वतः करता येत नाही तर करणाऱ्यांना वाढावं, त्याचंही पुण्य तेवढंच. मदनलालला ते पटलं. "जा की," तो म्हणाला, "तेवढाच जीव रमेल." आणि भंवरीबाई रोज दुपारी, साधू-साध्वी उतरतात त्या उपाश्रयामागच्या लांबट खोलीत जाऊ लागली, आणि वाढायला उभी न राहता पंगतीत बसू लागली. घरी मदनलालनं खाल्लंस का विचारलं की ती नेहमीसारखं हो म्हणायची.

पहिल्या दिवशी पांढरा तांदूळ, दुसऱ्या दिवशी तांबडा गहू, तिसऱ्या दिवशी पिवळा हरभरा. ओळीतल्या नऊ पूज्य पदांचे रंग, त्या त्या रंगाचं एकच धान्य. ती चावून चावून खायची आणि मनात त्या पेशीकडे बघायची. आज तुला काही मिळणार नाही. काल मिळालं, परवा मिळालं, आज नाही. छातीत बसलेली ती फेसाळ, फुगलेली पेशी हळूहळू रिती होतेय, आतला तो जंतू इकडे-तिकडे बघतोय, थाळी वाजवतोय, असं तिला दिसायचं. गंमत म्हणजे तिला त्याचा राग यायचा नाही. जीवच तो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघत चालणारी बाई ती. कुणाला मारायचं हे तिच्या मनालाच शिवत नव्हतं. त्याला आपण फक्त वाढत नाही, एवढंच. त्यानं आपल्या वाटेनं जावं. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्याही ती घेत होतीच, फक्त सकाळच्या ऐवजी दुपारच्या त्या एका बैठकीत, ताटावर बसूनच, म्हणजे आयंबिल मोडू नये.

आणि पंगतीतल्या बायका. "आजारपणातसुद्धा!" शेजारच्या पाटावरच्या सोनीबाई म्हणाल्या होत्या. सोनीबाई वयानं मोठ्या, सगळ्यांच्या मासी. त्यांनी कुणाचं कौतुक केलं की ते आठ दिवस बायकांत फिरायचं. "अंगात बळ नसताना! शाता आहे ना गं, बरं वाटतंय ना? नाहीतर आमच्या सुना. डोकं दुखलं की पारणं." भंवरीबाईनं मान खाली घातली होती. पण कौतुक कानातून आत गेलं होतं आणि आत कुठंतरी त्याचा थेंब साठला होता, ऊबदार. तसा तो पहिला नव्हता. चैत्रातल्या ओळीतही असंच झालं होतं. तेव्हा तिला खोकला होता, पण खोकला कुणाला नसतो, टोमॅटोच्या मार्केटची धूळ, गाड्यांचा धूर. आणि भूक अजिबात लागायची नाही. बाकीच्या बायका दुपारी बारा वाजायची वाट बघायच्या. हिला ताट समोर आलं तरी काही वाटायचं नाही. जिंकली, तिला वाटलं होतं. इतक्या वर्षांच्या तपानं भूक जिंकली. संध्याकाळी अंग गरम व्हायचं, गाल लाल व्हायचे, डोळे चमकायचे, आणि प्रतिक्रमणाला, दिवसभराच्या चुकांची क्षमा मागायला, बसली की बायका एकमेकींना दाखवायच्या. भाभीच्या तोंडावर तेज बघा. तपाचं तेज आलंय. ज्येष्ठात रुमालावर रक्त पडलं तेव्हा हे सगळं एका क्षणात विटलं. पण ती गोष्ट तिनं उलट्या दिशेनं कधी पुन्हा वाचली नव्हती. तेज ते तेज राहिलं, आजार तो आजार. दोन वेगळ्या डब्यांत.

चौथा दिवस दसऱ्याचा होता. हायवेच्या कडेला झेंडूचे ढीग लागले होते, जुन्नरकडे जाणाऱ्या जीपच्या टपांवरही झेंडूच होता. आज हिरव्या मुगाचा दिवस. उकडलेले मूग, मुगाच्या पिठाची कोरडी भाकरी, बाजूला मीठ. भंवरीबाई नुकतीच बसली होती, पदराच्या गाठीतून गोळ्या काढत होती, आणि आयंबिलशाळेच्या दारात कुशाबाई उभी राहिली.

कुशाबाई येडगावची. अंगणवाडीत मदतनीस होती आणि दवाखान्यानं तिच्यावर हेही काम सोपवलं होतं, की पेशंटनं गोळ्या आपल्या डोळ्यांदेखत गिळल्या की नाही ते बघायचं. आता ती आठवड्यातून एकदाच यायची. आल्यावर म्हणायची, "भाभी, दार लावा आन् तोंड उघडा." आजाराचं नाव गुपित ठेवलेलं म्हणून दार लावायचं, आणि तोंड उघडायचं ते गोळी जिभेखाली दडवली नाही ना, ते दाखवायला. सणाचा दिवस म्हणून ती आज उशिरा आली होती. घरी कुलूप बघून दुकानात गेली, आणि शेठनी सांगितलं, वाढायला गेलीय, तिकडंच जा.

"अगं बया!" कुशाबाई दारातूनच म्हणाली. "भाभी, तुमी तर वाढाय आल्या व्हत्या ना? मग ह्ये ताट कुणाचं?"

"हळू बोल, कुशाबाई. मी येते बाहेर."

"नगा येऊ, बसा. मलाच बघू द्या." कुशाबाईनं चपला काढल्या आणि उंबऱ्याशी वाकून ताटाकडे पाहिलं. "आत्ता! ह्ये असं मूग तर माजी म्हस पन तोंड लावायची न्हाई. पेंड मागंल. आमी आजाऱ्याला अंडं देतो, भाभी. तुमास्नी त्ये चालत न्हाई म्हून म्हनलं, ऱ्हाऊ द्या, तूप तरी लई खा. तर तुमी त्येबी सोडलं? तरीच म्हनलं गाल का बसल्यात."

"बाई, हे तप आहे," सोनीबाई जरा घुश्शात म्हणाल्या. "तुला नाही कळायचं."

"न्हाईच कळत, मावशी. मला येवढंच कळतंय का वजन उतरलं तर दवाखान्यात मला इचारत्यात, कुशाबाई, तू काय झोपली व्हतीस का?" ती भंवरीबाईकडे वळली. आता तिचा आवाज खरोखरच खाली आला. "भाभी, शेठला माहीत हाय का?"

भंवरीबाईनं गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी प्याली, आणि सवयीनं, सगळ्या पंगतीदेखत, तोंड उघडून दाखवलं. कुणीतरी हसलं. कुशाबाई हसली नाही. ती चपला घालून तरातरा बाजाराच्या दिशेनं गेली.

भंवरीबाई घरी पोहोचेपर्यंत बातमी पोहोचली होती. खुशबू बाराच्या एसटीनं येऊन दुकानातच उतरली होती, दुकानाची पूजा चालू असताना. आता ती आणि मदनलाल, दोघं दिवाणखान्यात बसले होते. मदनलालच्या कपाळावर पूजेचं कुंकू तसंच ओलं होतं. कुणी ओरडलं नाही. त्या घरात ओरडायची पद्धतच नव्हती, आणि त्यामुळे काही वेळा फार जड जायचं.

"का केलंस, बाई?" खुशबूनं विचारलं.

"तूच म्हणालीस."

"मी? मी काय म्हणाले?"

"त्या पेशीत तूप असतं. जंतू ते खाऊन जगतो. तूप बंद केलं की..." बोलता बोलता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, शाळेत चुकलेलं गणित फळ्यावर सोडवणाऱ्या मुलीचा.

खुशबूनं डोळे मिटून घेतले. मग तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि आईच्या शेजारी पाय दुमडून बसली. पडद्यावर एक गुलाबी चित्र आलं, आणि त्यात फुगलेल्या, जाळीदार, एकमेकींना खेटून बसलेल्या गोल गोल पेशी. भंवरीबाईनं मनात पाहिल्या होत्या त्यापेक्षा त्या साध्या होत्या. भिजून फुललेल्या साबुदाण्यासारख्या.

"या त्या. नीट ऐक हं आता, मधेच उठून जायचं नाही. मागच्या वेळी मीच उठून गेले. हे तूप तुझ्या ताटातलं नाही. जंतू आत गेला की तोच त्या पेशीची रीत बिघडवतो, तिला साठवायला लावतो. साठवण्याचं वेडच लावतो म्हण. तू तूप खा, नाहीतर नुसते मूग खा, तो तुझ्या अंगातलंच ओढून साठवायला लावणार. तू उपाशी राहिलीस तर उपाशी कोण राहील? तो नाही, बाई. तू. तुझ्या अंगात त्याच्याशी लढणाऱ्या दुसऱ्या चांगल्या पेशी असतात, त्या उपाशी राहतील."

"मग गोळ्या?"

"गोळ्याच मारतात त्याला. पण काही जंतू या चरबीत जाऊन झोपून राहतात, हालचाल नाही की काही नाही. झोपलेल्याला औषध लवकर लागत नाही. म्हणून तर इतके महिने घ्यायच्या. नेमकं कसं कसं होतं हे सगळं, ते आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. ते कळावं म्हणून तर मी तिथं बसते. पण तूप सोडून तो मरत नाही, आणि वजन उतरलं की माणूस हरतो, एवढं नक्की."

भंवरीबाई पडद्याकडे बघत राहिली. "हे पांढरे ठिपके ठिपके दिसतात, हीच का चरबी?"

"नाही. ती जागा आहे नुसती. काचेवर घ्यायच्या आधी हे सगळं धुऊन काढतात, त्यात चरबी निघून जाते. उरतात त्या रिकाम्या खोल्या."

रिकाम्या खोल्या. तिनं बोटानं पडदा चाचपला. "ही वाईट का गं, ही पेशी?"

"वाईट कशी? रक्षण करायलाच गेली होती ती. गिळलं. आणि मग..."

"मग तिला वाटलं, जिंकलं," भंवरीबाई म्हणाली.

खुशबूनं आईकडे पाहिलं. ती काय म्हणतेय ते तिला कळलं नव्हतं, आणि भंवरीबाईला ते सांगायचंही नव्हतं. मंद, संथ, एखादा जुना डबा उघडून त्याचं झाकण दुसऱ्याच डब्याला बसावं तसं तिच्या मनात काहीतरी बसत होतं. चैत्रातली ती न लागणारी भूक. तो संध्याकाळचा उबारा. लाल गाल. तेज. ते सगळं तिनं गिळून आत जपून ठेवलं होतं, रोज थोडं थोडं, कुणाला न सांगता, आणि तिला वाटत होतं हे आपलं पुण्य साठतंय.

मदनलाल गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "मी चैत्रात गिऱ्हाइकांना सांगत होतो. आमच्या घरी तपस्वी आहे म्हणून. तू रोज बारीक होत होतीस, आणि मी तूप मोजता मोजता लोकांना सांगत होतो." त्यानं कुंकवावरून हात फिरवला, ते कपाळभर पसरलं, आणि त्याच्याकडे बघून दोघी मायलेकींना एकदम हसू आलं. तोही मग हसला, कशाला हसतोय ते न कळता. सूर्य मावळायला अजून बराच अवकाश होता. खुशबू उठली आणि तिनं खिचडी टाकली. पण त्या संध्याकाळी भंवरीबाई जेवली नाही. आजचं आयंबिल घेतलंय ते आज पुरं होऊ द्या, ती म्हणाली, उद्याचं उद्या सांगते. आणि त्यांनी तिला तेवढं दिलं.

सकाळी ती उपाश्रयात गेली. पावसाळ्याच्या चौमासासाठी मुक्कामाला आलेल्या साध्वीजी खिडकीशी बसून पात्रं पुसत होत्या. भंवरीबाईनं वंदना करून सगळं सांगितलं, फेसापासून. शेवटी साध्वीजी म्हणाल्या, "व्रताचं पच्चक्खाण घेताना आपण त्यातच आजारपणाची सूट ठेवलेली असते. तुला माहीत नाही?"

"माहीत आहे, महाराजसाहेब. पण मला नेहमी वाटायचं, ती सूट दुसऱ्यांसाठी आहे."

साध्वीजींनी हातातलं पात्र खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघून हसल्या. प्रायश्चित्त म्हणून त्यांनी काही माळा दिल्या, त्याही बसल्या जागी फिरवायच्या, सावकाश. भंवरीबाईला वाटलं होतं काहीतरी तुटल्याचा आवाज होईल. इतक्या वर्षांची ओवलेली माळ, मधूनच तुटली तर मणी घरभर जातील. पण जिना उतरताना नुसतं हलकं वाटत होतं. ओलं ओझं उतरवल्यावर खांदे उगाच वर उचलले जातात तसं.

आयंबिलशाळेत तिचा पाट मांडलेला होता. पाचवा दिवस, काळ्या उडदाचा. तिनं पाट उचलून भिंतीला लावला, पदर खोचला, आणि वाढपाचं भांडं हातात घेतलं. पंगतीची कुजबुज थांबली.

"का गं, आज उभी?" सोनीबाईंनी विचारलं.

"मोडली, मासी."

"अग्गोबाई! पण डॉक्टरांनीच नको म्हटलं असेल. मग काय इलाज. त्याला मोडली नाही म्हणत."

निसटायला दार उघडून दिलं होतं सोनीबाईंनी, आणि मायेनं दिलं होतं. भंवरीबाईनं एक डाव उडीद त्यांच्या ताटात घातला. तिचा आवाज नेहमीसारखाच हळू होता, पण खोली इतकी शांत होती की शेवटच्या पाटापर्यंत गेला.

"डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, मासी. मीच ऐकलं नव्हतं. आणि चैत्रात माझ्या तोंडावर आलं होतं ना, ते तेज नव्हतं. ताप होता. मला टीबी झालाय. आता बरा होत आलाय, भिऊ नका, दुसऱ्याला लागायचा नाही."

दोन-तीन पदर तोंडाकडे गेले. भंवरीबाईनं ते पाहिलं आणि तिला थोडं दुखलंही. पण ती ओळीनं वाढत गेली, प्रत्येक ताटासमोर वाकत. कुणी ताटावर आडवा हात धरला नाही. शेवटी सोनीबाईच म्हणाल्या, "मग बारीक मीठ आण जरा, उभी काय राहिलीस. हे जाडं विरघळत नाही माझ्या उडदात." आणि चमचे पुन्हा वाजू लागले.

ती बाहेर पडली तेव्हा ऊन टळटळीत होतं. टोमॅटोचे कॅरेट भरलेला ट्रक बाजाराच्या तोंडाशी अडकला होता, मागं जीपवाले हॉर्न वाजवत होते, कालच्या झेंडूच्या पाकळ्या चाकांखाली चिकटल्या होत्या. कुठंतरी कुणाच्या घरी तुपात जिरं तडतडलं. त्या वासाबरोबर पोटात एकदम काहीतरी पिळवटलं आणि ती रस्त्याच्या कडेला थबकली. हात पोटावर गेला. दुखतंय का? नाही. चक्कर? नाही. पुन्हा तेच, आतून वर येणारं, मागणारं, हट्टी. आषाढापासून ती वेळ झाली म्हणून जेवत होती, कुणी वाढलं म्हणून, औषध म्हणून. त्याआधी जिंकलं म्हणून जेवत नव्हती. हिला ती विसरूनच गेली होती. भूक होती ती. नुसती साधी भूक. तोंडाला पाणी सुटलं आणि तिला रस्त्यात हसू फुटलं. कुणीतरी ती भूक परत आणून सोडली होती, आणि आता कधीतरी, गोळ्या संपल्यावर, अंगात बळ आल्यावर, पुन्हा एखादं आयंबिल केलं तर ते खरं होईल. आज सोडायला निदान काहीतरी तिच्याजवळ होतं.

ती भराभर चालत दुकानापाशी आली. मदनलालपुढं चार गिऱ्हाइकं उभी होती, त्याच्या हातात तराजू होता. सबंध संसारात भंवरीबाईनं भर बाजारात नवऱ्याला हाक मारली नव्हती.

"अहो," ती रस्त्यातूनच म्हणाली, आणि गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. "चला लवकर घरी. मला भूक लागलीय."

मदनलालनं तराजू खाली ठेवला. "काय लागलीय?"

"भूक!" भंवरीबाई म्हणाली, जरा मोठ्यानं.

"पावणं, तुमी बसा घटकाभर," मदनलाल समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, आणि पायात चपला शोधू लागला.